रिमोटची बोट घेताना: वेग किती आणि कशासाठी?

फील्डवर्कसाठी रेडिओ कंट्रोलची बोट घ्यायची आहे, असं कुणालाही सांगा, सल्ला ठरलेला असतो: "घ्यायचीच आहे ना, मग मोठी घे, फास्ट घे. पुन्हा पुन्हा खर्च नको." ऐकायला शहाणपणाचं वाटतं. मलाही वाटलं होतं. कंटिन्जन्सीच्या पैशांतून घेतलेली माझी पहिली बोट मी ताशी ८० किलोमीटरच्या जाहिरातीवर भाळून घेतली. तिनं मला थीसिसमध्ये वापरता येईल असा एकही आकडा दिला नाही. पैसे गेले ते गेलेच, पण हिवाळ्याचा एक पूर्ण सीझन गेला, आणि पीएचडीत सीझन विकत मिळत नाही.

म्हणून आजचा लेख उपकरण कसं निवडावं यावर. उदाहरण माझ्या बोटीचं आणि पवनीच्या नदीचं आहे. तुमचं उपकरण ड्रोन असेल, मातीतला ओलावा मोजणारा सेन्सर असेल, नाहीतर साधा रेकॉर्डर असेल. रीत तीच लागू पडते.

आधी प्रश्न एका वाक्यात लिहा

पवनी हे भंडारा जिल्ह्यातलं वैनगंगेकाठचं जुनं गाव. बाहेरचा अभ्यासक इथे येतो तो बहुतेक जगन्नाथ टेकडीच्या स्तूपासाठी. १९६९-७० मध्ये तिथे उत्खनन झालं होतं. माझं काम मात्र पाण्यातलं. गावाच्या वरच्या अंगाला, याच तालुक्यात गोसेखुर्द धरण आहे. त्याचं भूमिपूजन १९८८ मध्ये राजीव गांधी यांच्या हस्ते झालं. आज त्याला ३३ दरवाजे आहेत. धरणाच्या वर भंडाऱ्याच्या दिशेनं पसरलेलं रुंद, संथ पाणी. धरणाच्या खाली, पवनीकडे, खडक, वाळू आणि मधेमधे डोह. एकाच नदीची ही दोन वेगळी पाणी आहेत, हे लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

माझा प्रश्न असा: उन्हाळा लागण्यापूर्वी धरणाखालच्या पात्रात कुठले डोह शिल्लक राहतात, आणि ते किती खोल, किती लांब असतात? हा प्रश्न कागदी नाही. पाणी उतरलं की मासे डोहातच तगतात, आणि ढिवर समाजाची मासेमारी त्यावर चालते. घाटावर आंघोळीला उतरणाऱ्या माणसाच्या पुढच्या पावलाला गुडघाभर पाणी आहे की पुरुषभर, हेही त्याच नकाशावरून कळतं.

आता या वाक्यातून गरज काढा. मी काढली ती अशी: खोली दहा सेंटिमीटरच्या आत बरोबर यावी, जागा दोन-तीन मीटरच्या आत यावी, आणि पात्र आडवं कापणाऱ्या ओळी दर २० मीटरला घेता याव्यात. एक किलोमीटरच्या पट्ट्यात, पात्र सरासरी २०० मीटर रुंद धरलं, तर अशा ५० ओळी होतात. एका ओळीवरून दुसरीवर जाण्याचं अंतर धरून सगळं मिळून ११ किलोमीटरचा प्रवास. हे गणित करेपर्यंत मी एकाही बोटीचं नाव घेतलेलं नाही. तुम्हीही घेऊ नका.

आणखी एक प्रश्न इथेच निकालात काढा, कारण आरएसीमध्ये तो येणारच: "डोंग्यातून बांबू घेऊन का नाही मोजत?" प्रामाणिक उत्तर असं, की दोन-तीन डोहांचंच काम असेल तर डोंगा, खुणा केलेला बांबू आणि नदी ओळखणारा ढिवर यांच्या तोडीचं दुसरं साधन नाही. मला बोट लागली कारण त्याच ओळी दर महिन्याला पुन्हा घ्यायच्या होत्या, आणि धरणाखाली पाणी कधीही वाढू शकतं, तिथे तासन्तास माणूस बसवणं योग्य नव्हतं. जिथे डोंगा पुरतो तिथे बोट घेऊ नका.

वेगानं डेटा का बिघडतो

खोली मोजायला इको साउंडर वापरतात. बोटीच्या तळाला बसवलेला ट्रान्सड्यूसर आवाजाचा ठोका खाली सोडतो, तो तळावरून परत येतो, आणि लागलेल्या वेळावरून खोली काढली जाते. समजा यंत्र सेकंदाला पाच ठोके देतं. बोट सेकंदाला दीड मीटर चालली तर दर ३० सेंटिमीटरला एक वाचन मिळतं. तीच बोट सेकंदाला दहा मीटर धावली तर दर दोन मीटरला एक. अरुंद डोहाची कडा मधल्या मधे निसटते.

त्याहून वाईट गोष्ट उशिराची. साउंडरचं वाचन आणि जीपीएसची जागा एकाच क्षणाची नसते. थोडा फरक राहतोच. तो ०.३ सेकंद धरा. दीड मीटरच्या वेगाला चूक ४५ सेंटिमीटर, दहा मीटरच्या वेगाला तीन मीटर. जाताना चूक एका दिशेला, येताना उलट दिशेला. मग नकाशावर एकाच खडकाचे दोन खडक दिसतात आणि तुम्ही आठवडाभर सॉफ्टवेअरला शिव्या घालता.

शिवाय वेगवान बोट पाण्यावर उड्या मारते, हवा तळाखाली ओढते. ट्रान्सड्यूसरखाली बुडबुडे आले की परतीचा आवाज त्यातच विरतो. माझ्या पहिल्या बोटीच्या फाईलमध्ये बहुतेक रकाने रिकामे आले, ते यामुळे.

"मग फास्ट बोट हळू चालवू" हे का जमत नाही

हा मोह प्रत्येकाला होतो. मलाही झाला. त्यासाठी बोटीचं थोडं भौतिकशास्त्र समजून घ्यावं लागेल.

पाणी कापत जाणारी बोट स्वतःच्या लाटेत अडकते. लांबी आणि वेग यांचं नातं सांगणारा अंक विल्यम फ्रूड या इंग्रज अभियंत्याच्या नावानं ओळखला जातो. १८७० च्या दशकात टॉर्कीला त्यानं जहाजांची छोटी मॉडेलं टाकीतून ओढून हे तपासलं. सूत्र सोपं आहे: वेग भागिले (गुरुत्वत्वरण गुणिले लांबी) याचं वर्गमूळ. हा अंक ०.४ च्या आसपास आला की लाटेचा विरोध झपाट्यानं वाढतो. एक मीटर लांबीच्या बोटीला ही हद्द साधारण १.२५ मीटर प्रतिसेकंदाला लागते, म्हणजे ताशी साडेचार किलोमीटर. दीड मीटरच्या बोटीला सुमारे दीड मीटर प्रतिसेकंदाला. लांब बोट घेण्याचा खरा फायदा हा आहे.

हद्द ओलांडायची तर बोट पाण्यावर उचलली जाऊन सरकायला हवी. याला प्लेनिंग म्हणतात. शर्यतीच्या बोटींचं सगळं डिझाईन यासाठीच असतं: तळाचा आकार, अर्धा पाण्याबाहेर फिरणारा पंखा, जास्त फेऱ्यांची मोटर. १५०० केव्हीची मोटर घ्या. केव्ही म्हणजे इथे एका व्होल्टला रिकाम्या मोटरचे मिनिटाला किती फेरे. ती २२.२ व्होल्टवर ३३,००० फेऱ्यांच्या पुढे जाते. अशी बोट हळू चालवली की चार गोष्टी बिघडतात. पंखा त्याच्या कामाच्या फेऱ्यांवर नसतो, त्यामुळे वीज वाया जाते. सेन्सर नसलेली ब्रशलेस मोटर अगदी कमी थ्रॉटलला अडखळते. सुकाणूला पुरेसं पाणी लागत नाही, बोट सरळ रेषेत राहत नाही. आणि स्पीड कंट्रोलर थंड करणारं पाणी बऱ्याचदा बोटीच्या वेगानंच आत ढकललं जातं. वेग नाही तर पाणी नाही.

त्यावर आपण वजन लादतो. तीन किलोच्या बोटीवर साउंडर, जीपीएस, छोटा कॉम्प्युटर आणि जादा बॅटरी मिळून तीन किलो चढवलं की ती प्लेनिंगला पोचत नाही. नाक वर, शेपटी खाली, नांगरल्यासारखी चालते. संथही नाही, वेगवानही नाही, आणि मोटर सर्वात जास्त करंट ओढते ती नेमकी याच अवस्थेत. माझा स्पीड कंट्रोलर असाच जळाला. दोष बोटीचा नव्हता. ती ज्या कामासाठी बनवली होती ते काम मी तिला दिलंच नव्हतं.

तरीही वेग लागतो, पण परत येण्यासाठी

इथे उलट टोकाला जाऊ नका. "संथ बोट पुरे" हेही चुकीचं आहे. धरणाच्या वरच्या संथ पाण्यात एक वेळ चालेल; खाली प्रवाह आहे.

प्रवाह किती आहे ते अंदाजानं लिहू नका, मोजा. नागपुरी संत्रं यासाठी उत्तम. ते जवळजवळ पूर्ण बुडून तरंगतं, वारा त्याला फारसा ढकलत नाही, आणि रंगामुळे लांबून दिसतं. काठावर २० मीटरच्या दोन खुणा करा, वरच्या अंगाला संत्रं टाका, स्टॉपवॉच लावा. २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग ०.८ मीटर प्रतिसेकंद. निदान पाच वेळा करा, आणि बोट जाणार आहे त्यातल्या सर्वात जोराच्या धारेत करा.

आता सर्वात वाईट मिनिट डोळ्यांसमोर आणा: बोट मधोमध आहे, पाणी वाढतंय आणि धार दुप्पट झाली आहे. ०.८ चे १.६ झाले. त्याविरुद्ध निदान एक मीटर प्रतिसेकंदानं वर यायचं तर बोटीला २.६ हवेत. थोडा वारा धरून मी तीन लिहिले. पूर्ण सामान चढवून तीन मीटर प्रतिसेकंद, म्हणजे ताशी ११ किलोमीटर. माझ्या कामासाठी "वेगवान" या शब्दाचा अर्थ एवढाच निघाला. मोजायचं दीड मीटरच्या वेगानं, उरलेला दीड मीटर राखीव.

ही गरज एक मीटरच्या गोलमटोल बोटीतून निघत नाही. निमुळत्या, लांब अशा दोन तळांच्या कॅटमरानमधून निघते, कारण बारीक तळ लाट कमी उठवतात आणि फ्रूडची हद्द त्यांना तितकी बोचत नाही. वर सामानाला सपाट जागा मिळते, आणि बोट आडवी कमी झुलते. झुलणं महत्त्वाचं आहे: पाच मीटर खोलीवर दहा अंशांचा कल आला तर आवाजाचा झोत तळावर सुमारे ९० सेंटिमीटर बाजूला पडतो. एक तोटाही लिहून ठेवा. कॅटमरान उलटली की स्वतःहून सरळ होत नाही. शर्यतीच्या काही खोल व्ही तळाच्या बोटी होतात. म्हणून तरंगणारा फोम आणि ओढून आणायची दोरी आधीच बांधा.

बॅटरीचं गणित स्वतः करा

जाहिरातीत "रनटाईम" लिहिलेला असतो, पण कुठल्या वेगाला ते लिहिलेलं नसतं. सहा सेलची, २२.२ व्होल्ट, १० अँपिअर-तासांची लिथियम पॉलिमर बॅटरी म्हणजे २२२ वॉट-तास. ती पूर्ण रिकामी करायची नसते. ८० टक्के धरा, म्हणजे १७८.

दीड मीटरच्या वेगाला बोट ६० वॉट घेते असं समजा: जवळजवळ तीन तास, सुमारे १६ किलोमीटर. माझे ११ किलोमीटर एका बॅटरीत दोन तासांत होतात. तीच बॅटरी २००० वॉटच्या मोटरला, दहा मीटरच्या वेगाला लावली तर पाच-सव्वापाच मिनिटं आणि तीन किलोमीटरच्या आसपास. त्याच ११ किलोमीटरला चार बॅटऱ्या, आणि दर पाच मिनिटांनी काठावर. पाणी कापत जाणाऱ्या बोटीला वेग दुप्पट करायला साधारण आठपट शक्ती लागते, हा नियम वहीच्या पहिल्या पानावर लिहा. तुमच्या बोटीचे खरे वॉट मात्र वॉटमीटर लावून स्वतः मोजा. माझे घेऊ नका.

वजनाची अडचण नसेल तर लिथियम आयर्न फॉस्फेट बघा. जड असते, पण जास्त निर्धोक. आपल्याकडच्या मे महिन्यात हे महत्त्वाचं आहे. उन्हात तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावू नका, बंद गाडीत ठेवू नका. विमानानं जाणार असाल तर १०० वॉट-तासांपर्यंतचीच बॅटरी सहज नेता येते, १६० पर्यंत विमान कंपनीची परवानगी लागते. २२२ ची घरीच राहते.

रेडिओ, जलपर्णी आणि जाळी

१८९८ मध्ये निकोला टेस्लानं न्यूयॉर्कमध्ये बिनतारी नियंत्रणाची बोट चालवून दाखवली. बॅटरीवर चालणारी ती बोट लोकांनी वेगासाठी पाहिली नव्हती. ती सांगितलेलं ऐकते, याचंच नवल होतं. आपल्यालाही तेच हवंय. आता त्यासाठी ऑटोपायलट मिळतो. आर्डूपायलटचं रोव्हर सॉफ्टवेअर बोटीलाही चालतं: ओळी आखून द्या, बोट त्यावर जाते, आणि सिग्नल तुटला तर ठरवलेल्या जागी परत येते. ही परतीची सोय पहिल्या दिवशी तपासा, आणि मुद्दाम रिमोट बंद करून तपासा.

रेडिओच्या पट्ट्याकडे लक्ष द्या. २.४ गिगाहर्ट्झ ठराविक शक्तीपर्यंत आपल्याकडे विनापरवाना चालतो. पण परदेशी टेलिमेट्री सेट बऱ्याचदा ९१५ मेगाहर्ट्झचे असतात; भारतात खुला पट्टा ८६५ च्या घरातला आहे. अँटेना पाण्यापासून जितकी वर तितका पल्ला चांगला. बोटीवर हातभर काठी उभी करून बांधा.

जलपर्णी, जिला आपल्याकडे सर्रास इकॉर्निया म्हणतात, ती पंख्यात गुंतली की सगळं गणित संपतं. पंख्याला जाळीचं कव्हर लावा, सुकाणूऐवजी दोन मोटरींच्या कमी-जास्त वेगानं वळणारी बोट घ्या: पाण्याखाली अडकायला एक वस्तू कमी, आणि एक मोटर थांबली तरी वाकडी-तिकडी का होईना, काठाला येते. हवेतल्या पंख्याची बोट गवतावरून जाते, पण वाऱ्यात भरकटते आणि बोटांना धोका असतो.

आणि जाळी. पाण्याखाली लावलेलं जाळं तुम्हाला दिसत नाही, ते लावणाऱ्याला माहीत असतं. बोट जाळ्यात गेली तर तुमचं एक उपकरण अडकतं, त्यांचा दिवसाचा रोजगार फाटतो. आदल्या संध्याकाळी जाऊन विचारा. मला डोहांची पहिली यादी अशाच विचारण्यातून मिळाली, साउंडर पाण्यात जाण्याआधी.

खरोखर वेगवान बोट कुणी घ्यावी?

ज्याचा प्रश्नच वेळेचा आहे त्यानं. एमिली नावाची दूरनियंत्रित जीवरक्षक बोट याचं चांगलं उदाहरण आहे. सव्वा मीटर लांबीची ही बोट २०१६ मध्ये ग्रीसच्या लेस्बोस बेटाजवळ निर्वासितांच्या मदतीला वापरली गेली. बुडणाऱ्यापर्यंत आधार आधी पोचणं हेच तिचं काम, आणि माणसाला लागू नये म्हणून तिला उघडा पंखा नाही, पाण्याचा जेट आहे. पवनीसारख्या नदीकाठच्या गावासाठी असा विषय कुणी घेतला तर मला आनंदच होईल. तेव्हा वेग ही तुमची पहिली गरज असेल, आणि खोलीची अचूकता यादीतही नसेल.

खरेदीपूर्वीचं एक पान

गाईडकडे सही मागायला जाण्याआधी हे लिहून न्या:

१. प्रश्न एका वाक्यात, आणि त्यातून निघालेली अचूकता.
२. एकूण प्रवास किती किलोमीटर, किती वेळा.
३. मोजलेला प्रवाह (तारीख आणि वेळेसह), आणि त्यावरून परतीचा वेग.
४. लादायचं एकूण वजन. प्रत्येक वस्तू काट्यावर ठेवून.
५. बॅटरीचं गणित, आणि परतीसाठी शिल्लक किती.
६. बोट हरवली तर काय: डेटाची दुसरी प्रत काठावर येते का, तरंगते का, नंबर लिहिलाय का.
७. परवानग्या: धरणाच्या परिसरात जलसंपदा विभाग, अभयारण्यात वनविभाग, स्थानिक पोलीस ठाणं, आणि मच्छीमार संस्थेला कल्पना.

बोट आली की थेट नदीत नेऊ नका. पवनीत बालसमुद्र तलाव आहे. भंडाऱ्या-गोंदियात जुन्या मालगुजारी तलावांची आणि बोड्यांची कमी नाही. साचलेल्या पाण्यात आधी सामानाशिवाय, मग तेवढ्याच वजनाच्या पाण्याच्या बाटल्या बांधून, आणि शेवटी खऱ्या उपकरणांसह चालवा. बांबूनं मोजलेल्या दहा जागांवर साउंडर ताडून पाहा, पाण्याचं तापमान नोंदवा. २० अंशांच्या पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १४८२ मीटर जातो, ३० अंशांच्या पाण्यात १५०९. दहा मीटर खोलीवर हा फरक १८ सेंटिमीटरचा होतो. माझी मर्यादा दहाची होती, म्हणजे थर्मामीटर विसरलो असतो तर चांगली बोट असूनही काम फसलं असतं.

शेवटचं, आणि यात तडजोड नको. धरणाखाली काम करताना त्या दिवशीच्या विसर्गाची चौकशी केल्याशिवाय पाण्यात उतरू नका. २०२० च्या ऑगस्टअखेरीस वैनगंगेला आलेला पूर इथल्या लोकांना चांगला आठवतो. पाणी वाढायला लागलं आणि बोट मधे अडकली, तर ती जाऊ द्या. तिच्यामागे पात्रात जाऊ नका. डेटाची प्रत काठावर लॅपटॉपमध्ये असेल अशी सोय सहाव्या मुद्द्यात करून ठेवायला सांगितलं, ते यासाठीच.

पुढच्या लेखात साउंडरची कच्ची फाईल साफ कशी करायची ते बघू. तोपर्यंत वरचं पान तुमच्या स्वतःच्या उपकरणासाठी भरून पाहा. तिसऱ्या ओळीपाशी अडलात तर खरेदी थांबवा आणि आधी नदीवर जाऊन या. संत्रं मात्र बरोबर न्या.